महाश्वेता देवींच्या ऐतिहासिक कादंबरीच्या प्रेरणा : झाशी, बर्गी आणि बिरसा

मराठी वाचकाला ऐतिहासिक कादंबरीचे आकर्षण जुने आहे. हरि नारायण आपटे यांनी शिवकाल कादंबरीत आणला, तेव्हा पारतंत्र्यातील समाजाला त्याच्या गतवैभवाची आठवण करून देणे ही त्यामागची एक प्रमुख प्रेरणा होती. पुढे रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२) थोर पुरुषाच्या अंतरंगात डोकावण्याची वाट रूढ केली. दोन्ही टप्प्यांवर इतिहासाकडे पाहण्याची जागा मात्र बहुधा तीच राहिली. दरबार, वाडा, छावणी आणि रणांगण यांच्या आतून भूतकाळ पाहिला गेला. त्यामुळे ऐतिहासिक कादंबरी म्हणजे राजेरजवाड्यांची कादंबरी असे एक समीकरण आपल्याकडे नकळत तयार झाले.

बंगाली कादंबरीकार महाश्वेता देवी (१९२६–२०१६) यांच्या लेखनाची सुरुवातही एका राणीपासूनच झाली; पण त्यांची वाट पुढे निराळ्या दिशेने गेली. १९५६ साली प्रसिद्ध झालेले ‘झाँसीर रानी’ हे त्यांचे पहिले पुस्तक. १९७७ साली प्रसिद्ध झालेली ‘अरण्येर अधिकार’ ही त्यांची सर्वांत महत्त्वाची ऐतिहासिक कादंबरी. तिचा नायक बिरसा मुंडा हा छोटा नागपूरच्या जंगलातील एका भूमिहीन मुंडा कुटुंबातील तरुण आहे. राणीपासून बिरसापर्यंतचा हा एकवीस वर्षांचा प्रवास कोणत्या प्रेरणेतून झाला, लेखिकेच्या घडणीत त्याची बीजे कोठे आहेत आणि इतिहासाचा पुरावा म्हणून त्यांनी कशाकशाला मान्यता दिली, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मराठी अभ्यासकाला या प्रश्नांत रस वाटण्याचे आणखी एक कारण आहे. महाश्वेता देवींच्या ऐतिहासिक लेखनात मराठी माणूस दोन अगदी भिन्न रूपांत येतो. झाशीत तो इंग्रजी सत्तेला तोंड देतो. अठराव्या शतकातील बंगालमध्ये मात्र तो खेडी जाळणारा ‘बर्गी’ म्हणून येतो. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीचा अभ्यास करणाऱ्याला ही दोन्ही रूपे एकत्र पाहणे टाळता येत नाही.

१. घराणे आणि घडण

महाश्वेता देवींचा जन्म १४ जानेवारी १९२६ रोजी ढाका येथे झाला. वडील मनीश घटक हे ‘कल्लोल’ नियतकालिकाभोवती जमलेल्या बंडखोर पिढीतील कवी व कथाकार. ‘युवनाश्व’ या टोपणनावाने त्यांनी समाजाच्या तळाशी जगणाऱ्या माणसांच्या कथा लिहिल्या. आई धरित्री देवी स्वतः लेखन करीत आणि समाजकार्यातही त्यांचा सहभाग असे. वडिलांचे धाकटे बंधू म्हणजे चित्रपट दिग्दर्शक ऋत्विक घटक; वयाने ते पुतणीपेक्षा जेमतेम काही महिन्यांनी मोठे होते. आईच्या बाजूचे दोन मामाही ख्यातनाम. शंख चौधुरी हे शिल्पकार, तर सचिन चौधुरी हे १९४९ साली मुंबईतून सुरू झालेल्या ‘इकॉनॉमिक वीकली’ या साप्ताहिकाचे संस्थापक संपादक. पुढे १९६६ पासून हेच साप्ताहिक ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ या नावाने निघू लागले.

अशा घरात पुस्तकांची वाण नव्हती. परंतु केवळ सुसंस्कृत घराणे एवढ्याने या लेखिकेची दृष्टी उलगडत नाही. त्यासाठी तीन अनुभव लक्षात घ्यावे लागतात.

पहिला अनुभव शांतिनिकेतनचा. १९३६ ते १९३८ या काळात त्या तेथील शाळेत होत्या. रवींद्रनाथ तेव्हा हयात होते. झाडामाणसांविषयीची आस्था आणि हाताने काम करण्याविषयीचा आदर ही त्या शिक्षणाची देणगी त्यांनी पुढे आपल्या आठवणींतून नोंदवली. त्याच विश्वभारतीतून १९४६ साली त्या इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झाल्या.

दुसरा अनुभव १९४३ च्या दुष्काळाचा. लाखो माणसे अन्नावाचून मेली तो हा दुष्काळ. धान्य पूर्णपणे नाहीसे झालेले नव्हते; युद्धकालीन धोरण, साठेबाजी आणि भडकलेले भाव यांमुळे ते गरिबाच्या हाती पोहोचत नव्हते. महाविद्यालयात शिकणाऱ्या महाश्वेता देवी तेव्हा कलकत्त्यात मदतकार्यात होत्या. भूक हा नैसर्गिक कोप नाही, तिच्यामागे माणसांनी घेतलेले निर्णय असतात, हा धडा त्यांना त्या वयात मिळाला. पुढे त्यांच्या कादंबऱ्यांत भात आणि मीठ यांना जे स्थान आले, त्याचा उगम येथे शोधावा लागतो.

तिसरा अनुभव लोकनाट्याच्या चळवळीचा आणि त्यापाठोपाठ आलेल्या विपन्नावस्थेचा. १९४७ साली त्यांचा विवाह नाटककार बिजन भट्टाचार्य यांच्याशी झाला. दुष्काळावरील ‘नबान्न’ (१९४४) हे बिजनबाबूंचे नाटक म्हणजे भारतीय जननाट्य संघाच्या कार्यातील एक मैलाचा दगड. शेतकऱ्याच्या तोंडची भाषा रंगभूमीवर जशीच्या तशी आणण्याचे धैर्य त्या नाटकाने दाखवले होते. १९४८ साली मुलगा नबारुण याचा जन्म झाला. तोही पुढे बंगालीतील महत्त्वाचा लेखक ठरला. पतीची साम्यवादी चळवळीशी असलेली जवळीक संसाराला महाग पडली. महाश्वेता देवींची टपाल व तार खात्याच्या कार्यालयातील सरकारी नोकरी साम्यवादी असल्याच्या संशयावरून गेली. शिकवण्या कर, कपडे रंगवण्याची पूड वीक, असे करीत त्यांनी संसार चालवला. ‘सुमित्रा देवी’ या टोपणनावाने साप्ताहिकासाठी हलकेफुलके लेखन केले तेही याच काळात. लेखन हा त्यांच्या दृष्टीने छंद नव्हता. घर चालवण्याचे ते साधन होते आणि या गरजेतून आलेली शिस्त त्यांच्या लेखनात अखेरपर्यंत टिकली.

२. मुंबईहून झाशीकडे

बिजनबाबूंच्या हिंदी चित्रपटांच्या कामानिमित्त काही काळ हे कुटुंब मुंबईस आले आणि सचिन चौधुरींच्या घरी राहिले. तेथील वाचनात १८५७ चा उठाव हा विषय महाश्वेता देवींच्या समोर आला आणि झाशीच्या राणीच्या चरित्राने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. बंगाली लेखिकेला राणीची ओढ मुंबईत लागावी हा योगायोग असला, तरी तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कलकत्त्यास परतल्यावर त्यांनी मिळतील ती साधने वाचून काढली. इतिहासकार प्रतुलचंद्र गुप्त यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. गुप्त हे मराठ्यांच्या इतिहासाचे जाणकार. दुसरा बाजीराव व ईस्ट इंडिया कंपनी यांच्या संबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३९ सालीच प्रसिद्ध झाला होता. राणीच्या माहेरच्या तांबे घराण्यातील वंशज गोविंद चिंतामणी तांबे यांच्याशीही महाश्वेता देवींनी संपर्क साधला. या तयारीवर त्यांनी शेकडो पाने लिहिली. आणि मग ती बाजूला टाकून दिली.

या निर्णयात त्यांच्या सर्व ऐतिहासिक लेखनाची किल्ली आहे. लिहिलेल्या पानांत माहितीची उणीव असावी असे दिसत नाही. ज्या भूमीवर हे सारे घडले ती भूमी आपण पाहिलेली नाही आणि तेथील माणसे राणीविषयी काय बोलतात ते ऐकलेले नाही, ही खंत त्यामागे होती. १९५० च्या दशकाच्या मध्यात, हाती पैसा नसताना आणि लहान मुलाला घरी ठेवून, त्या एकट्या बुंदेलखंडात गेल्या. झाशी, ग्वाल्हेर, काल्पी असा राणीच्या अखेरच्या वर्षातील मुलूख त्यांनी पालथा घातला. टांगेवाले, वृद्ध स्त्रिया, शेतकरी, रात्री शेकोटीभोवती बसलेली माणसे यांच्याकडून त्यांनी गाणी, आख्यायिका आणि घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी टिपून घेतल्या.

त्यांतून त्यांना जी राणी भेटली ती कागदपत्रांतील राणीहून वेगळी होती. इंग्रजी दफ्तरांनुसार राणी जून १९५८ च्या बरोबर शंभर वर्षे आधी, म्हणजे जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथे पडली. बुंदेलखंडातील कित्येकांच्या लेखी मात्र ती मेलेलीच नव्हती. तेथल्या मातीने आणि खडकांनी तिला दडवून ठेवले होते. माती आणि दगड यांतून तिने फौज उभी केली, अशा आशयाची गाणी लोक गात होते. इतिहासकार अशा गाण्यांना पुराव्याच्या रकान्यात जागा देत नाही. महाश्वेता देवींनी ती दिली. राणी जिवंत आहे हे विधान त्यांनी अर्थातच घटना म्हणून स्वीकारले नाही. जिच्या पराभवानंतर जवळजवळ शंभर वर्षे लोक तिचा मृत्यू मान्य करायला तयार नाहीत, तिचे त्या लोकांशी कोणत्या प्रकारचे नाते असले पाहिजे, हा प्रश्न त्यांनी त्या गाण्यांतून वाचला. घटना काय घडली याचा पुरावा दफ्तरात सापडेल. घटनेचा लोकांनी काय निवाडा केला याचा पुरावा लोकगीतातच सापडतो, अशी ही भूमिका आहे.

‘देश’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊन हे लेखन १९५६ साली पुस्तकरूपाने आले. ते चरित्र आणि कादंबरी यांच्या सीमेवरचे आहे. तारखा, तह, पत्रव्यवहार यांची शिस्त चरित्राची, तर प्रसंगांची उभारणी व भावना कादंबरीच्या. प्रकाशनकालही महत्त्वाचा आहे. १९५७ साली उठावाच्या शताब्दीनिमित्त सुरेंद्रनाथ सेन, रमेशचंद्र मजुमदार या इतिहासकारांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले आणि हा उठाव म्हणजे स्वातंत्र्यसंग्राम की शिपायांचे बंड, हा वाद विद्वानांत रंगला. अवधच्या गावोगावी हिंडून अमृतलाल नागर यांनी जमवलेल्या मौखिक आठवणींचे ‘गदर के फूल’ हे हिंदी पुस्तकही १९५७ चेच. महाश्वेता देवींचे पुस्तक या सर्वांच्या आधीचे आहे. तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या. कोणत्याही विद्यापीठाचे अथवा संस्थेचे पाठबळ त्यांच्यामागे नव्हते.

३. मराठी साधने आणि बुंदेली स्मृती

राणी लक्ष्मीबाईविषयी मराठीत मोलाची साधने आहेत. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी लिहिलेले राणीचे चरित्र १८९४ साली प्रसिद्ध झाले. पेणजवळील वरसई येथील विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ तर प्रत्यक्षदर्शीचे निवेदन आहे. मथुरेस होणाऱ्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने घराबाहेर पडलेला हा गरीब भिक्षुक उठावाच्या धामधुमीत सापडला आणि वेढ्याच्या वेळी झाशीतच होता. शहर पडल्यावर झालेली कत्तल, लूट आणि वाड्यातील ग्रंथसंग्रहाची राखरांगोळी त्याने नोंदवली. काल्पीच्या वाटेवर तहानलेल्या राणीची विहिरीपाशी झालेली भेट हा त्यातील प्रसंग मराठी वाचक विसरत नाही. चिंतामणराव वैद्य यांनी फेरफार करून हे पुस्तक १९०७ साली छापले. मूळ हस्तलिखितानुसार पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनातून १९६६ साली उपलब्ध झाला.

या साधनांची आणि महाश्वेता देवींनी जमवलेल्या सामग्रीची तुलना उद्बोधक ठरते. मराठी साधनांतील राणी ही एका दक्षिणी घराण्याची सून आहे. मोरोपंत तांबे यांची मुलगी, गंगाधरराव नेवाळकरांची पत्नी, दत्तकपुत्र दामोदररावाचा हक्क राखू पाहणारी विधवा, नेमधर्म पाळणारी आणि ब्राह्मणांचा मान ठेवणारी स्वामिनी, असे तिचे रूप तेथे येते. हे रूप खरेच आहे. परंतु पेशव्यांच्या सुभेदारीतून निर्माण झालेल्या या कोकणी मुळाच्या घराण्यासाठी बुंदेलखंडातील कोरी, काछी, बुंदेले, पठाण अशा नाना जातीजमातींच्या लोकांनी प्राण का पणाला लावावेत, याचे उत्तर त्या साधनांत पुरेसे मिळत नाही. ते उत्तर मिळवण्यासाठी झाशीच्या गल्ल्यांत फिरणे आवश्यक होते. महाश्वेता देवी नेमक्या तेथे गेल्या.

या संदर्भात वृंदावनलाल वर्मा यांच्या ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’ (१९४६) या हिंदी कादंबरीचा उल्लेख करायला हवा. वर्मा हे झाशी जिल्ह्यातलेच. त्यांच्या घराण्यातच उठावाच्या आठवणी होत्या. त्यांना ऐकीव परंपरा वारशाने मिळाली, तर महाश्वेता देवींना ती परक्या प्रदेशात जाऊन मिळवावी लागली. मराठी ही राणीच्या घरची भाषा आणि बुंदेली तिच्या प्रजेची. बंगाली लेखिकेची मातृभाषा या दोन्हींहून वेगळी. हे दुरूनचे स्थान तिला अडचणीचे ठरले, तसे ते उपकारकही ठरले. ‘आमची राणी’ म्हणण्याचा मोह तिला नव्हता. म्हणून ‘राणी कोणाकोणाला आपली वाटते’ हा प्रश्न तिला मोकळेपणाने विचारता आला.

तरीही या पहिल्या पुस्तकाची मर्यादा सांगणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. जून १८५७ मध्ये झाशीतील इंग्रजांची हत्या झाल्यावर राणीने सागर विभागाचा आयुक्त अर्स्किन याच्याशी पत्रव्यवहार केला आणि काही काळ कंपनीच्या वतीने झाशीचा कारभार पाहिला. या काळातील राणीची द्विधा अवस्था आणि परिस्थितीने तिला हळूहळू संघर्षाकडे कसे ढकलले, हा इतिहासाचा गुंतागुंतीचा भाग आहे. स्वातंत्र्य नुकतेच मिळालेल्या देशात लिहिताना राणीच्या तेजस्वी प्रतिमेचे आकर्षण तरुण लेखिकेलाही टाळता आलेले नाही. लोक तिच्या पुस्तकात आहेत, पण अजून ते राणीच्या भोवती आहेत. ते केंद्रस्थानी यायचे होते.

४. बर्गी : आपल्याच आरशातील परका चेहरा

पुढील दहा वर्षांतील लेखनात हे केंद्र हळूहळू खाली सरकताना दिसते. ‘नटी’ (१९५७) या कादंबरीची पार्श्वभूमी पुन्हा १८५७ चीच आहे. परंतु आता कथेच्या मध्यभागी राणीऐवजी एक नर्तकी आहे. ‘अमृतसंचय’मध्ये उठावाच्या आधीच्या वर्षांतील बंगाल येतो. ‘कवि वंद्यघटी गाञिर जीवन ओ मृत्यू’ या १९६० च्या दशकातील कादंबरीत आपली जमात लपवून कवी म्हणून मान्यता मिळवू पाहणाऱ्या एका चुआड तरुणाची शोकांतिका आहे. शब्दावर हक्क कोणाचा, हा प्रश्न तेथे प्रथमच इतक्या थेटपणे उभा राहतो.

‘आँधारमाणिक’ (१९६६) ही कादंबरी मराठी वाचकाने आवर्जून विचारात घ्यावी अशी आहे, कारण तिच्या पार्श्वभूमीला बंगालवरील मराठ्यांच्या स्वाऱ्या आहेत. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसले यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. १७४४ साली नवाब अलिवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून ठार केले. स्वाऱ्या तरीही थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने बारा लाख रुपये चौथाई ठरली आणि ओडिशा प्रत्यक्षात भोसल्यांकडे आला. मराठी इतिहासग्रंथांत हा मराठ्यांच्या पूर्वेकडील विस्ताराचा अध्याय म्हणून येतो.

बंगाली स्मृतीत तो असा येत नाही. आपल्याकडे ज्याला स्वतःचा घोडा व हत्यारे नसत, ती सरकारातून मिळत, अशा स्वाराला ‘बारगीर’ म्हणत. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीस येणारा तो शिलेदार. लष्करी व्यवस्थेतला हा साधा शब्द बंगालमध्ये ‘बर्गी’ झाला आणि दहशतीचे नाव बनला. आजही बंगालमधील मुलांना झोपवताना म्हटल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध अंगाईत बर्गींचे नाव येते. कलकत्त्याभोवती त्या काळी खणलेला खंदक ‘मराठा खंदक’ म्हणून ओळखला गेला. गंगाराम या कवीच्या अठराव्या शतकातील बंगाली काव्याचे नावच ‘महाराष्ट्र पुराण’ आहे. त्यात पृथ्वीवरील पाप वाढल्यामुळे शंकराच्या आज्ञेने शाहू राजाकरवी मराठे पाठवले जातात. पण शिक्षा करायला आलेले हे स्वारच स्त्रिया आणि ब्राह्मण यांचा छळ मांडतात आणि अखेर देवीची कृपा गमावतात. या काव्याचा एडवर्ड डिमॉक यांच्यासह इंग्रजी अनुवाद करणारे प्रतुलचंद्र गुप्त हे, झाशीच्या वेळी महाश्वेता देवींना साहाय्य करणारेच इतिहासकार होत. तो अनुवाद १९६५ साली प्रसिद्ध झाला.

महाश्वेता देवींना या काळात नवाब किंवा सेनापती यांचे द्वंद्व रंगवण्यात स्वारस्य नाही. स्वाऱ्यांच्या छायेत सामान्य बंगाली समाजाचे काय झाले, घरेदारे सोडून पळणाऱ्यांनी नव्या जागी कसे जगायचे, संकटकाळात जातिधर्माचे नियम कोणासाठी सैल आणि कोणासाठी आणखी कडक होतात, हा त्यांच्या शोधाचा विषय आहे. मराठ्यांविरुद्धचा राग जागवणे हा त्यांचा हेतू नाही. झाशीच्या राणीवर पहिले पुस्तक लिहिणाऱ्या लेखिकेवर तसा आरोप करताही येणार नाही. जी दृष्टी झाशीत लोकांच्या बाजूने पाहत होती, तीच येथेही लोकांच्याच बाजूने पाहते. बदलली आहे ती केवळ आक्रमकाची भाषा. मराठीच्या अभ्यासकाला हे वाचताना किंचित अस्वस्थ वाटले, तर ती अस्वस्थता उपयुक्तच म्हणावी लागेल. एका प्रांताच्या अभिमानाचा अध्याय दुसऱ्या प्रांताच्या अंगाईत भीती म्हणून उरतो, हे कळल्याखेरीज भारतीय इतिहासाचे चित्र पूर्ण होत नाही.

५. ‘अरण्येर अधिकार’ : पद्धतीची परिणती

१९६० च्या दशकात महाश्वेता देवींच्या आयुष्यात मोठे बदल झाले. १९६२ साली बिजन भट्टाचार्य यांच्याशी घटस्फोट झाला. १९६३ साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळवली आणि १९६४ पासून विजयगड महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन सुरू केले. याच दशकात त्यांचा पलामूच्या जंगल भागाशी संबंध आला. वेठबिगारी, सावकारी आणि जंगलखात्याची हुकमत यांखाली भरडलेला आदिवासी त्यांनी तेथे जवळून पाहिला. दशकाच्या अखेरीस बंगालमध्ये नक्षलवादी चळवळ भडकली. तिच्यातून ‘हाजार चुराशीर मा’ (१९७४) ही शहरी मध्यमवर्गाची कादंबरी आली. वर्तमानातील या दोन अनुभवांच्या उजेडात त्या पुन्हा इतिहासाकडे वळल्या आणि बिरसा मुंडापाशी पोहोचल्या.

बिरसाचा जन्म १८७५ चा. मुंडांची सामूहिक जमीनधारणेची ‘खुंटकट्टी’ पद्धत जमीनदार, सावकार आणि सरकारी कायदे यांनी मोडून काढली होती. जंगल सरकारच्या ताब्यात गेले होते. १८९९ च्या अखेरीस बिरसाच्या नेतृत्वाखाली ‘उलगुलान’ म्हणजे महाउठाव पेटला. जानेवारी १९०० मध्ये सैल रकब टेकडीवर गोळीबार झाला, फेब्रुवारीत बिरसा पकडला गेला आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात वयाच्या पंचविसाव्या वर्षी मरण पावला. मृत्यूचे अधिकृत कारण पटकी असे नोंदवले गेले. विषप्रयोगाचा संशय लोकांच्या मनातून कधीच गेला नाही. १९०८ च्या छोटा नागपूर कूळकायद्याने आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांना काही प्रमाणात मान्यता दिली, त्यामागे या उठावाचा दबाव होता.

कादंबरीचा मुख्य आधार कुमार सुरेश सिंह यांचा बिरसाच्या चळवळीवरील १९६६ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ होय, आणि लेखिकेने तो ऋणनिर्देश स्पष्टपणे केला आहे. सिंह हे प्रशासकीय सेवेतील अधिकारी आणि संशोधक. सरकारी कागदपत्रांबरोबरच मुंडारी गाणी आणि वृद्धांच्या आठवणी यांचा त्यांनी उपयोग केला होता. झाशीत महाश्वेता देवींनी अंतःप्रेरणेने जी पद्धत स्वीकारली होती, तिला येथे शास्त्रशुद्ध संशोधनाचा आधार मिळाला.

कादंबरीची सुरुवात बिरसाच्या तुरुंगातील मृत्यूपासून होते. ही रचना अर्थपूर्ण आहे. शेवट काय होणार ही उत्सुकता लेखिकेने पहिल्याच प्रकरणात संपवून टाकली आहे. वाचकाचे लक्ष त्यामुळे पराभवाच्या कारणांकडे आणि पराभवानंतरही जे शिल्लक राहते त्याकडे वळते. मुंडांच्या रोजच्या जेवणातील ‘घाटो’ ही भरड धान्याची पेज, तिच्यात घालायला हवे असलेले चिमूटभर मीठ आणि स्वप्नातच दिसणारा भात ही प्रतीके कादंबरीत पुनःपुन्हा येतात. १९४३ च्या दुष्काळात मदतकार्य करणारी तरुणी आणि ही प्रतीके योजणारी पन्नाशीतील लेखिका यांच्यातील धागा येथे उघड होतो. बिरसाला लोकांनी ‘भगवान’ मानले. कादंबरी या श्रद्धेची टर उडवत नाही किंवा तिला शरणही जात नाही. भुकेल्या माणसांना देव का लागतो आणि तो देव शेवटी जमिनीचाच प्रश्न का विचारतो, हे ती समजावून घेते.

शीर्षकातील ‘अधिकार’ हा शब्द नीट पाहिला पाहिजे. झाशीच्या राणीचा लढा दत्तकाच्या वारसाहक्कासाठी सुरू झाला होता. बिरसाचा लढा अरण्यावरील एका समूहाच्या हक्कासाठी होता. दोन्हीकडे प्रश्न हक्काचाच आहे. परंतु पहिला एका घराण्याचा आणि म्हणून कागदावर मांडता येण्याजोगा, तर दुसऱ्याला मुळात कागदच नाही. ज्यांच्यापाशी सनद नाही त्यांच्या बाजूने साक्ष कोण देणार, हा प्रश्न ऐतिहासिक कादंबरीपुढे ठेवणे ही महाश्वेता देवींची सर्वांत मोठी कामगिरी आहे. या कादंबरीस १९७९ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्ञानपीठ (१९९६) आणि मॅगसेसे (१९९७) हे सन्मान पुढे आले.

६. इतिहासातून वर्तमानात

या प्रेरणेचा शेवट पुस्तकात झाला नाही. १९८० पासून वडिलांच्या ‘वर्तिका’ या नियतकालिकाचे त्यांनी स्वरूपच बदलले आणि शेतमजूर, आदिवासी, कारखान्यातील कामगार यांना स्वतःच्या शब्दांत लिहायला जागा करून दिली. पुरुलियातील खेडिया शबर या जमातीत त्यांनी अनेक वर्षे काम केले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या जमातींपैकी ही एक. फेब्रुवारी १९९८ मध्ये बुधन शबर या तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांच्यासह महाश्वेता देवींनी विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. चाळीस वर्षांपूर्वी मराठी राणीच्या शोधात निघालेली बंगाली लेखिका आता एका मराठी विमुक्त लेखकाच्या शेजारी उभी होती. तिच्या वाटचालीचा आशय या एका घटनेत एकवटला आहे.

समारोप

महाश्वेता देवींच्या ऐतिहासिक कादंबरीची प्रेरणा भूतकाळाच्या मोहातून आलेली नाही. घरातून मिळालेली वाङ्मयीन बंडखोरी, दुष्काळाने दिलेली भुकेची जाण, लोकनाट्याने दिलेला बोलीभाषेचा आदर आणि विपन्नावस्थेने दिलेले स्वावलंबन यांतून एक दृष्टी तयार झाली. बुंदेलखंडाच्या प्रवासाने तिला पद्धत दिली : दफ्तर वाचावे, मग त्या जागी जावे आणि दफ्तराने जे ऐकले नाही ते ऐकावे. राणी, नर्तकी, चुआड कवी, बर्गींच्या स्वाऱ्यांतील निर्वासित आणि बिरसा या क्रमाने तिच्या कादंबरीचा नायक समाजाच्या पायऱ्या उतरत गेला. कादंबरीची उंची मात्र वाढत गेली.

मराठीत ऐतिहासिक कादंबरी आजही विपुल लिहिली आणि वाचली जाते. तिच्या लेखकाला या उदाहरणातून शिकण्यासारखे बरेच आहे. साधनांची चिकित्सा मराठी संशोधकांनी शतकभर निष्ठेने केली. बखरी, सनदा, पत्रे उजेडात आणली. आता त्या कागदांच्या बाहेर राहिलेल्यांची साक्ष नोंदवायची आहे. आपल्या स्वाऱ्यांच्या वाटेवरील परप्रांतीय गावांतही ती साक्ष आहे आणि आपल्याच गावकुसाबाहेरही आहे.